तीन लिंगांची प्रजाती लिहितेय, पण तिसरं लिंग फिरून "बाई"च होतंय

शाईचा डाग

सायन्स फिक्शन कादंबरी लिहितेय, निम्मी झालीये आणि एका जागी अशी अडकलेय की तीन आठवडे एक ओळ पुढे सरकली नाहीये, म्हणून विचारतेय.

ग्रहाला दोन मोठे चंद्र आहेत त्यामुळे भरती-ओहोटी भयंकर, किनारा दिवसातून दोनदा कित्येक किलोमीटर आत-बाहेर होतो, आणि त्या ओल्या पट्ट्यातच माझी प्रजाती राहते. नाव ओरुक. ओरुकांमधे तीन लिंगं: अंडद म्हणजे अंडपेशी देणारे, बीजद म्हणजे बीज देणारे, आणि वाहक. वाहकाच्या पोटाखाली पिशवी असते, त्यात पिल्लू दोन ऋतू वाढतं. वाहक स्वतः अंडं किंवा बीज काहीच देत नाही. मूल व्हायला तिघंही लागतात.

मला वाटत होतं की मस्त जमलंय. मग एका मैत्रिणीला पहिले सहा चॅप्टर वाचायला दिले आणि तिने एवढंच म्हटलं, "अगं तुझे वाहक म्हणजे बायकाच आहेत, नाव तेवढं बदललंयस." परत वाचून बघितलं तर खरंच की! वाहक घर सांभाळतात, वाहक वाट बघत बसतात, वाहक रडतात, बीजद शिकारीला जातात आणि भांडतात, आणि अंडद बिचारे मधेमधे येऊन काहीतरी शहाणपणाचं बोलून जातात. इतकी मेहनत करून मी आपलं नेहमीचंच घर समुद्राकाठी नेऊन ठेवलंय.

तर विचारायचं असं की एक, हे असं तिघांचं प्रकरण शास्त्राच्या हिशोबात बसतं का. दोन, शरीराने तीन प्रकार असले म्हणजे समाजातही तीनच प्रकार असायला हवेत का, आणि ते बायका-पुरुषांसारखे वाटू नयेत म्हणून काय करायचं. आणि तीन, मराठीत लिहायचं कसं, कारण आपल्याकडे तो-ती-ते सोडून चौथं काही नाहीच आणि क्रियापदसुद्धा लगेच चुगली करतं. एक सीन असा आहे की माणसांच्या यानावर नोंदणी अधिकारी एका ओरुकाचा फॉर्म भरतेय आणि लिंगाच्या कॉलमपाशी अडते. तो सीन मी नऊ वेळा लिहिलाय आणि नऊही वेळा फाडलाय.

गोगलगाय

जीवशास्त्र शिकवतो म्हणून पहिल्या प्रश्नावर लिहितो, थोडं लांबेल.

आधी हे पक्कं करून घ्या की जीवशास्त्रात नर कोण आणि मादी कोण हे पिल्लं कोण वाढवतं, मोठं कोण, भांडतं कोण यावरून ठरत नाही. जननपेशीच्या मापावरून ठरतं. मोठी, अन्नसाठा असलेली पेशी देते ती मादी, छोटी धावणारी पेशी देतो तो नर, संपलं. समुद्रघोडा घ्या. पिशवी नराच्या पोटाला असते, मादी त्यात अंडी सोडते, नर ती आतच फलित करतो, पिल्लांना ऑक्सिजन पुरवतो, आतल्या पाण्यातलं क्षारांचं प्रमाण सांभाळतो आणि दिवस भरले की पोट आवळून आवळून पिल्लं बाहेर काढतो. तरी तो नरच. कमळपक्ष्यांत मादी अंगाने मोठी, हद्द ती राखते, तिच्या हद्दीत दोन-तीन नर असतात आणि प्रत्येक नर आपापल्या घरट्यातली अंडी उबवतो, पुढे पिल्लंही तोच सांभाळतो. तेव्हा पिशवी आली की मागून बाईपण येतं ही आपल्या डोक्यातली सवय आहे, निसर्गाने असं काही ठरवलेलं नाही.

आता तिसरं लिंग. १९७२ साली पार्कर, बेकर आणि स्मिथ यांनी एक गणित मांडलं होतं, ते तुम्हाला उपयोगी पडेल. समजा पेशी बनवायला प्रत्येकाकडे माल तेवढाच आहे. मग एकतर खूप छोट्या पेशी करा, म्हणजे गाठ पडायची शक्यता वाढते, नाहीतर मोजक्या आणि मोठ्या करा, म्हणजे गर्भाला शिदोरी मिळते. मधल्या मापाची पेशी दोन्हीकडे मार खाते. म्हणून मापं दोनच उरतात आणि तिसऱ्या मापाची पेशी लिहिली असतीत तर मी नको म्हटलं असतं. पण तुमचा वाहक पेशीच देत नाही, त्यामुळे तिथे तुम्ही सुटलात.

खरी अडचण दुसरीच आहे. वाहकाला यातून मिळतं काय? दोन ऋतू दुसऱ्याचं पिल्लू पोटाशी बाळगायचं, खायचं-पळायचं अवघड करून घ्यायचं, आणि स्वतःचं काहीच पुढच्या पिढीत जात नसेल तर वाहक व्हायला लावणारी जनुकं चार पिढ्यांत गायब होतील. याला मला माहीत असलेलं एकच दणकट उत्तर आहे, नातं. मधमाश्या बघा. फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर, म्हणजे नराला बाप नसतो पण आजोबा असतो. आणि फलित अंड्यातली अळी राणी होणार की कामकरी हे तिला काय खायला घातलं, रॉयल जेली किती आणि किती दिवस, यावर ठरतं. कामकरी माशी सहसा स्वतःची पिल्लं काढत नाही, ती बहिणी वाढवते, आणि तिची जनुकं बहिणींतून पुढे जातात. पुस्तकात लिंगं दोन. पण पोळं उघडून बघणाऱ्याला तिघं दिसतात, राणी, कामकरी आणि नर. तुमची तीन लिंगं मला इथे सापडतात.

म्हणून माझं म्हणणं असं की वाहक हा तिसरा जोडीदार करूच नका, तो अंडदाचं किंवा बीजदाचं सख्खं भावंड करा. आणि मग बघा गोष्ट कशी पेटते, कारण मूल अंडदाच्या घरचा वाहक वाढवणार की बीजदाच्या घरचा, यावर दोन घरं भांडतील. दोन्ही घरांत वाहक असेल तर भांडण, कुणाकडेच नसेल तर उसना आणायचा, आणि उसन्याचे उपकार वेगळेच.

एक राहिलं. "तीन प्रकार आहेत" आणि "तिघंही लागतात" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि बहुतेक कथांत दोन्हीची गल्लत होते. टेट्राहायमेना थर्मोफिला नावाच्या एकपेशी जीवात सात प्रकार आहेत पण लागतात कुठलेही दोन, फक्त वेगळे हवेत. शायझोफायलम कम्यून या बुरशीत असे २३ हजारांहून जास्त प्रकार आहेत! तिथे प्रकार वाढले की जोडीदार मिळणं सोपं होतं, कारण दोनच प्रकार असतील तर समोर येणारा निम्म्या वेळा चालत नाही, हजारो असतील तर जवळपास कुणीही चालतो. तिघंही लागत असतील तर मात्र उलटं होतं, तिघांना एका जागी आणणं हेच महाकठीण. तशी उदाहरणं आहेत पण मोजकी. हार्वेस्टर मुंग्यांच्या काही समूहांत राणीला दोन वेगळ्या वंशांच्या नरांशी मीलन करावं लागतं, एकाच्या बीजातून नव्या राण्या होतात आणि दुसऱ्याच्या बीजातून कामकरी, दोन्हींपैकी एक जरी मिळाला नाही तरी ते वारूळ पुढे जात नाही. तुम्ही तिघंही लागतात म्हटलंय, तेव्हा तिघं एकत्र कसे येतात हे तुम्हाला कुठेतरी दाखवावं लागेल. भरतीचा काही उपयोग होतोय का बघा.

खारं पाणी

वरचं उत्तर छान आहे पण मला वाटतं पेशींपाशी जास्त वेळ थांबू नये, वाचकाला पेशी दिसत नाहीत, वागणं दिसतं. आणि वागणं शरीराच्या मागून येतं असं आपण धरून चालतो ते सुद्धा दर वेळी खरं नसतं.

मी बरीच वर्षं समुद्री माशांची टाकी सांभाळतोय. क्लाऊनफिशची जोडी होती, मोठी मादी आणि तिच्या निम्म्याने असलेला नर, आणि एक पिल्लू जे ना नर ना मादी. मादी मेली. पहिले काही दिवस नर नुसता दगडामागे, खाणंसुद्धा कमी. मग तो मादी ज्या कोपऱ्यात पहारा द्यायची त्या कोपऱ्यात जाऊन थांबायला लागला, माझा हात पाण्यात गेला की ती जशी अंगावर यायची तसा यायला लागला, हळूहळू अंगाने वाढला, पिल्लू त्याच्यासमोर थरथरून बाजूला व्हायला लागलं, आणि बऱ्याच महिन्यांनी एके सकाळी फरशीच्या तुकड्यावर नारिंगी अंड्यांचा पट्टा होता. तीच ती, जी आधी तो होती. पिल्लू तोवर नर झालेलं होतं आणि अंड्यांवर पंखाने वारा घालत होतं. मी तो सगळा दिवस टाकीसमोर बसून होतो.

ब्लूहेड रॅस नावाच्या माशात उलटं होतं, मादीचा नर होतो. कळपातला मोठा नर काढून घेतला की सगळ्यात मोठी मादी काही मिनिटांत किंवा तासांत नरासारखं वागायला लागते, हद्द राखते, बाकीच्या माद्यांमागे फिरते. अंडाशय जाऊन तिथे वृषण व्हायला मात्र साधारण आठ-दहा दिवस लागतात. आणि १९९६ मधे एक प्रयोग प्रसिद्ध झाला त्यात माद्यांची अंडाशयं आधीच काढून टाकलेली होती, तरी मोठा नर गेल्यावर त्या नरासारख्या वागायला लागल्या. म्हणजे भूमिका आधी बदलली, तीही शरीरात बदलायला काही शिल्लक नसताना! भूमिका रिकामी झाली हे दिसणं पुरेसं होतं.

म्हणून तुमच्या ओरुकांत मी विचार असा करेन की कोण काय आहे यापेक्षा कुठली जागा रिकामी आहे, आणि ती भरायला कोण पुढे होतं. घरातला वाहक मेला तर दुसरं कुणी होऊ शकतं का? होऊ शकत असेल तर लिंग हे आयुष्यातला एक टप्पा झालं, आणि मग "माझी आई तरुणपणी कुणाचा तरी बाप होती" हे वाक्य त्यांच्यात अगदी साधं असेल, नात्यांची सगळी नावंच वेगळी पडतील.

शाईचा डाग

दोघांचेही खूप आभार, खरंच. वाहक म्हणजे सख्खं भावंड हे वाचून मी उठून येरझाऱ्या घालायला लागले. दोन घरांचं भांडण हा तर माझ्या चॅप्टर सातपासूनचा प्लॉटच होतो. तिघं एकत्र कसे येतात त्यालाही उत्तर सुचतंय, दोन्ही चंद्र एका रेषेत आले की सगळ्यात मोठी ओहोटी, तेव्हाच सगळी घरं एका वाळूच्या दांड्यावर पोचू शकतात.

लिंग बदलणं मात्र मला नकोय, ओरुक जन्मतः जे असतात तेच राहतात. पण मग प्रश्न दोन तसाच राहतो. शरीराने तीन, कायमचे. समाजात किती?

कोरं पान

वरचं सगळं वाचलं. शास्त्रातलं मला फारसं कळत नाही, पण तुमच्या त्या फॉर्मच्या सीनबद्दल सांगायचंय, कारण तो सीन माझ्या आयुष्यात खूपदा झालाय.

फॉर्मवर दोन चौकोन असतात आणि मला दोन्हीत बसवत नाही. कधीकधी तिसरा असतो, "इतर". त्यावर खूण केली की काउंटरपलीकडच्या माणसाची नजर कागदावरून उठते, माझ्या चेहऱ्यावर येते, गळ्यावर येते, हातांवर थोडी थांबते आणि परत कागदावर जाते. दोन-तीन सेकंदांचं काम. बहुतेक जण वाईट नसतात, त्यांना फक्त काहीतरी शोधायचं असतं आणि ते कुठे शोधायचं ते कळत नसतं. तुमच्या अधिकारीबाईंची नजर कुठून कुठे जाते ते लिहा. त्या खलनायिका नकोत. त्या चांगल्या हव्यात, आणि तरीही ती नजर हवी.

एक विनंती आहे. तुम्ही लिहिलंय अंडद मधेमधे शहाणपणाचं बोलतात. तिथे मला टोचलं. लहानपणापासून ज्या ज्या गोष्टीत मी माझ्यासारखं कुणी शोधलं, तिथे ते एकतर सगळं जाणणारं गूढ काहीतरी होतं, नाहीतर फसवणारं होतं, नाहीतर शेवटच्या आधीच्या चॅप्टरमधे दुसऱ्या कुणासाठी मरणारं. त्यांच्यातलं कुणीही कधी उशिरा उठलं नाही, कुणाचं पोट दुखलं नाही, कुणी भावंडाची वस्तू न विचारता घेतली नाही. दोन जोडीच्या मधला जो तिसरा असतो त्याला माणूसपण द्यायला लेखक विसरतात, अर्थ देतात. तुमच्या एका अंडदाला प्लीज आळशी करा. एकाला कंजूष करा.

आणि समाजात किती प्रकार, या प्रश्नावर मला एवढंच वाटतं की चौकोन छापणाऱ्याला काहीतरी हवं असतं. झोपायला कुठली खोली द्यायची, औषध किती द्यायचं, पत्रावर काय लिहायचं. बऱ्याचदा तो खरा प्रश्न सरळ विचारला असता तर मला पटकन उत्तर देता आलं असतं. तेव्हा आधी हे ठरवा की ओरुकांना एकमेकांबद्दल काय माहीत असावं लागतं, तेही घाईत, अंधारात, लांबून. जे माहीत असावं लागतं त्यालाच त्यांच्या भाषेत शब्द असेल. बाकीचं असेल शरीरात, पण त्याला रोजचा शब्द नसेल.

जाता जाता भाषेबद्दल. हे सगळं लिहिताना मी स्वतःबद्दल एकदाही पुरुषी किंवा बायकी क्रियापद लिहिलेलं नाही, वर बघा. माझं रोजचं बोलणं असंच आहे. "माझं जेवण झालं." "मला दमायला झालंय." "थोड्या वेळात येईन." जमतं. पण प्रत्येक वाक्याआधी अर्धा क्षण थांबावं लागतं, आणि समोरच्याला वाटतं की विचार करून बोलण्याची सवय असेल. तुमच्या ओरुकांना तो अर्धा क्षण लागू देऊ नका, त्यांची तर ती स्वतःची भाषा आहे.

अनुस्वार

कोरं पान, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला काही लक्षातच आलं नव्हतं, म्हणजे हे इतकं सहज जमू शकतं. त्यालाच धरून तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, व्याकरण हा माझा रोजचा विषय आहे.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते "ते". नपुंसकलिंग आपल्याकडे आहेच, ते मूल, ते पाखरू, ते वासरू, मग ओरुकांना "ते" म्हणूया. दोन अडचणी. एक म्हणजे एकवचनी "ते" मोठ्या माणसाला लावलं की ती व्यक्ती लहान तरी वाटते नाहीतर वस्तू तरी, "ते आलं" म्हटल्यावर जाणत्या ओरुकाचा मान राहत नाही. दुसरी अडचण लपलेली आहे. "ते"ला प्रत्यय लावून बघा. त्याला, त्याने, त्याच्यासाठी. हे तर "तो"चंच रूप झालं! तीन पानं गेली की वाचकाच्या डोक्यात सगळे ओरुक पुरुष झालेले असतात आणि तुम्ही तर एकदाही "तो" लिहिलेलं नसतं.

आदरार्थी अनेकवचनात मात्र जागा आहे. त्यांना, त्यांनी, त्यांचं, यांना, यांनी, इथे बाई-पुरुष कळतच नाही. फक्त प्रथमेत सांभाळा, कारण "ते आले" आणि "त्या आल्या" लगेच वेगळे पडतात. म्हणून ओरुकांच्या वाक्यात कर्ता होता होईल तेवढा प्रत्ययासकट आणा. "त्यांनी दार उघडलं", इथे क्रियापद दाराकडे बघून चालतं, उघडणारं कोण त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. "त्यांना हसू आलं", इथे हसू आलं. भविष्यकाळ पूर्ण मोकळा आहे, येईन, येशील, येईल. आणि "आम्ही" तर फारच उपयोगाचं, "आम्ही आलो" बायकाही म्हणतात, पुरुषही म्हणतात आणि मिसळून आलेलेही म्हणतात. तुमचे ओरुक घरागणिक राहतात ना, मग स्वतःला "आम्ही" म्हणणं त्यांना शोभेल.

विशेषणात आकारान्त टाळा. चांगला-चांगली-चांगलं बदलतं, पण जड, चपळ, गरीब, शांत, लाल ही कुणाहीसमोर तशीच राहतात.

दुसरा रस्ता मला याहून आवडतो, पण धाडस लागेल. मराठीत मुंगी "ती", डास "तो", आणि पाखरू "ते", आणि हे म्हणताना आपण कुणाची जननेंद्रियं तपासत नाही. व्यक्ती तर पुरुष असली तरी "आली"च. हे शब्दाचं लिंग आहे, जिवाचं नाही. तर तुमच्या तीन प्रकारांना अशी नावं द्या की शब्दाचं लिंग वाचकाच्या अपेक्षेच्या उलट पडेल. अंडं देणाऱ्यांचा शब्द पुल्लिंगी, पिशवीवाल्यांचा नपुंसकलिंगी, बीजवाल्यांचा स्त्रीलिंगी, आणि मग शंभर पानं त्याच व्याकरणाने चला. वाचक पहिली दहा पानं अडखळेल आणि पुढे त्याचा कान सरावेल.

आणि तुमची सध्याची नावं बदलाच. अंडद, बीजद, वाहक हे बाहेरून बघणाऱ्या शास्त्रज्ञाचे शब्द आहेत, तेही "देणारे" आणि "वाहणारा" असे. कुठलीही जमात स्वतःला असं म्हणणार नाही.

आधी इतरांनीही यात ठेचा खाल्ल्यात. उर्सुला ले ग्विन यांनी १९६९ च्या "द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस"मधे, महिन्यातले बरेच दिवस लिंगच नसणाऱ्या माणसांसाठी इंग्रजीतलं "ही" हे पुरुषी सर्वनाम वापरलं, १९७६ च्या एका लेखात त्याची बाजू घेतली, आणि १९८७ मधे त्याच लेखाला टिपा जोडून आपलं मत बदलल्याचं लिहिलं. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. आणि त्यांना निदान क्रियापदं तरी सांभाळावी लागली नव्हती.

गोगलगाय

खारं पाणी, रॅसचा मुद्दा मान्य, मी पेशींवर जरा जास्तच अडून बसलो होतो. कोरं पान यांनी घाईत काय माहीत असावं लागतं असं विचारलंय, ते पक्ष्यांतही दिसतं. व्हाइट-थ्रोटेड स्पॅरो नावाच्या चिमणीत डोक्यावर पांढरे पट्टे असलेले आणि तपकिरी पट्टे असलेले असे दोन प्रकार आहेत, दोन्हींत नरही आहेत आणि माद्याही, आणि जोडी जवळपास नेहमी पांढरा-तपकिरी अशीच जमते. म्हणजे एका पक्ष्याला नर-मादी बघून पुरत नाही, पट्टाही बघावा लागतो, आणि एकूण पक्ष्यांतला साधारण चौथा हिस्साच चालतो. लिंगं दोनच, पण जोडीदार शोधणाऱ्या पक्ष्याच्या नजरेत प्रकार चार.

ग्रहावर तापमानाची भानगड ठेवणार असाल तर आणखी एक. समुद्री कासवांत अंडं कुठल्या तापमानाला उबलं यावर लिंग ठरतं, गरम वाळूत माद्या होतात. २०१८ मधे ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास आला त्यात तिथल्या लहान कासवांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त माद्या होत्या. तुमच्या ग्रहावर एखादा ऋतू चुकला आणि एक आख्खी पिढी वाहकांविना जन्मली तर दोन घरांचं भांडण दोन घरांपुरतं राहणार नाही.

शाईचा डाग

चार दिवसांनी येतेय, मधे लिहीत होते.

कोरं पान, तुमच्या प्रश्नाने सुटलं. भरती येताना ओरुकांना एकमेकांबद्दल काय कळायला हवं? एवढंच की आत्ता कुणाच्या पिशवीत पिल्लू आहे, कारण त्यांना पोहता येत नाही आणि त्यांना आधी उचलावं लागतं. म्हाताऱ्यांनाही उचलावं लागतं, पाय मोडलेल्यालाही. म्हणजे त्यांच्या बोलण्यात प्रकार दोनच, जड आणि चपळ, आणि तेही आजच्यापुरते. शब्द अनुस्वार यांच्या विशेषणांतून उचललेत. कायमची तीन लिंगं आहेत, पण ती खाजगी, पिल्लू जमवायच्या वेळी लागतात तेवढीच. आणि माझा एक अंडद आता इतका आळशी झालाय की भरतीला दर वेळी जड असल्याचं सोंग घेतो, त्याला चौघं उचलून नेतात, आणि सगळ्यांना ते माहीत असतं.

दहावा ड्राफ्ट:

*रेवाने पाटी समोर सरकवली. तीन चौकोन होते. तीन असावेत म्हणून तिने वरच्यांशी चार दिवस वाद घातला होता.*

*"यातलं आपलं कुठलं?"*

*इशुम यांनी तिन्ही चौकोनांवरून बोट फिरवलं. "हे कशासाठी विचारलंय? पाणी येतंय का?"*

*"इथे पाणी नाही येत. हे यान आहे."*

*रेवाची नजर पाटीवरून उठली, इशुम यांच्या खांद्यांवर गेली, तिथून पोटाखालच्या घडीवर, आणि तिला स्वतःलाच ते कळलं तशी ती खाली वळली.*

*इशुम यांनी घडीवर हात ठेवला. "पाणी येत असेल तर आज मी जड. दोन ऋतूंनी चपळ होईन. तुम्हाला उचलायला माणसं लागतील, तीन पुरतील."*

*"नाही, म्हणजे, कायमचं काय ते हवंय."*

*"ते दाई विचारते, पिशवी उघडताना." इशुम यांनी पाटी हळूच परत सरकवली. "तुम्ही दाई आहात का?"*

कोरं पान

"तुम्हाला उचलायला माणसं लागतील, तीन पुरतील." मला हे कुणीतरी काउंटरवर विचारायला हवं होतं, उचलायला किती लागतील. नजर खाली वळते ती ओळ तशीच ठेवा.

अनुस्वार

व्याकरणात इशुम कुठेही सापडत नाहीत, छान निभावलंय. फक्त शेवटी "दाई विचारते" बघा. ज्या बाईला तुम्ही दहा ड्राफ्ट करून बाहेर काढलंत ती त्या एका शब्दातून परत आत आली, बाळंतपण म्हटलं की दाई आणि दाई म्हटलं की बाई. ओरुकांत पिशवी उघडायचं काम कोण करतं हे तुम्ही ठरवलंय का? घरातले सगळ्यात चपळ असतील तर तसं लिहा, कारण त्या वेळीही पाणी येतच असेल.

शाईचा डाग

नव्हतं ठरवलं. मनात आपोआप एक म्हातारी बसलेली होती, पांढऱ्या केसांची, आणि ओरुकांना तर केसच नाहीत. पिशवी उघडणारे म्हणजे त्या भरतीला सगळ्यात शेवटी पळू शकणारे, हे बरोबर वाटतंय. मग शेवटची दोन वाक्यं अशी होतील: "ते आम्हाला फक्त शेवटी पळणारे विचारतात, पिशवी उघडताना. तुम्हाला किती जोरात पळता येतं?"